लेखन शिकण्यासाठी महाविद्यालयाची निवड

प्रास्ताविक

शनिशिंगणापूर येथे राहणारी, नुकतीच बारावी झालेली एक मुलगी आहे असे समजू. तिला कथा लिहाव्याशा वाटतात, दोन वह्या भरल्या आहेत, आणि घरात पुढच्या शिक्षणाचा विषय निघाला आहे. वडील म्हणतात, सोनईला जा; पाच-सहा किलोमीटरवर मुळा एज्युकेशन सोसायटीचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे, संध्याकाळी घरी येता येईल. मामा नगरच्या मोठ्या महाविद्यालयांची नावे घेतात. चुलत भाऊ पुण्यात नोकरीला आहे. तो फर्ग्युसनचे, आणि पुण्याजवळच्या 'लिबरल आर्ट्स' शिकवणाऱ्या खाजगी विद्यापीठांचे सांगतो. आजीला वाटते, मुक्त विद्यापीठात नाव घालावे आणि घर सांभाळावे. प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. मात्र मुलीला लिहायचे आहे आणि त्यासाठी यांपैकी कोणती जागा उपयोगी पडेल, हा मूळ प्रश्न या चर्चेत कोणी विचारलेला नाही.

तुमच्यापैकी अनेकजण हा प्रश्न स्वतःच्या मुलामुलींसाठी विचारत असतील. काहीजण तो स्वतःसाठीही विचारत असतील, कारण संसार, शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून बी. ए. करणाऱ्यांत लिहिण्याची जुनी ओढ असलेले विद्यार्थी पुष्कळ असतात. या लेखात आपण एवढेच पाहणार आहोत की लेखन शिकण्याच्या दृष्टीने एखादे महाविद्यालय चांगले की वाईट हे कशावरून ओळखावे. त्यासाठी परक्या देशांतील आदर्श शोधण्याआधी आपल्याच परिसरातील काही जागा तपासून पाहू.

दोन शब्दांविषयी

आधी 'लिबरल आर्ट्स' या शब्दाचा विचार करू. मूळ लॅटिन संज्ञेचा अर्थ 'स्वतंत्र नागरिकाला शोभणाऱ्या विद्या' असा होता. मध्ययुगीन युरोपात त्यांची संख्या सात मानली जाई : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. आपण ज्याला 'कला शाखा' म्हणतो तो शब्द याच 'आर्ट्स'चे भाषांतर आहे. भाषांतरात 'स्वतंत्र' हा अंश गळाला आणि व्यवहारात तर शब्दाची फारच घसरण झाली. आज कित्येक घरांत 'आर्ट्स घेतले' या वाक्याचा अर्थ 'विज्ञानाला प्रवेश मिळाला नाही' असा होतो. शब्दाचा अर्थ समाजाच्या किमतींप्रमाणे कसा बदलतो, याचे हे नमुनेदार उदाहरण भाषाविज्ञानाच्या पेपरात वापरायला हरकत नाही.

अमेरिकेत या नावाने ओळखली जाणारी छोटी निवासी महाविद्यालये आहेत. तिथे प्रामुख्याने पदवीपर्यंतचेच शिक्षण दिले जाते, वर्ग लहान असतात आणि विद्यार्थी मुख्य विषयासोबत इतर शाखांतील विषयही घेतो. ओहायो राज्यातील केनयन महाविद्यालय हे त्यांपैकी एक. ते 1824 मध्ये स्थापन झाले आणि गँबियर नावाच्या खेडेगावात आहे. 1937 मध्ये रॉबर्ट लोवेल हा तरुण कवी हार्वर्डसारखे विख्यात विद्यापीठ सोडून या खेड्यातील महाविद्यालयात दाखल झाला, कारण जॉन क्रो रॅन्सम हा कवी-समीक्षक तिथे शिकवायला आला होता. पुढे 1939 मध्ये रॅन्समने तिथून 'केनयन रिव्ह्यू' हे नियतकालिक सुरू केले. लोवेलने संस्थेच्या नावापेक्षा एका माणसाला अधिक महत्त्व दिले, ही गोष्ट लक्षात ठेवू; ती आपल्याला पुन्हा लागणार आहे.

दुसरा शब्द 'सर्जनशील लेखन'. पूर्वी आपण 'ललित लेखन' म्हणत असू. 'ललित' हे विशेषण तयार झालेल्या कृतीचे वर्णन करते. 'सर्जनशील' हे विशेषण करणाऱ्याच्या क्रियेकडे बोट दाखवते. शिकवण्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. तयार कथेचे रसग्रहण शिकवता येते आणि आपली मराठीची बी. ए. बव्हंशी तेच शिकवते. कथा तयार होत असताना काय करायचे हे शिकवणे ही वेगळी गोष्ट आहे. 1936 मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात सुरू झालेल्या लेखन-कार्यशाळेने त्यासाठी एक साधी पद्धत रूढ केली : विद्यार्थ्याने अपुरे, कच्चे लेखन आणायचे, सोबत्यांनी ते आधी वाचून यायचे, मग सर्वांनी त्यावर बोलायचे. त्याच आयोवातील आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात दिलीप चित्रे हे 1970 च्या दशकात सहभागी झाले होते. पद्धत म्हणून यात गूढ असे काही नाही. चार वाचक आणि एक ठरलेला वार एवढेच तिला लागते.

नगरमधील एक घर

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अहमदनगरमध्ये (आताच्या अहिल्यानगरमध्ये) रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे घर होते. शेजारच्या राहुरीतही या कुटुंबाचे काही काळ वास्तव्य होते. टिळक स्वतः कवी होते आणि 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादनही त्यांनी केले. या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे हा खानदेशातून आलेला तरुण काही काळ राहिला. मराठी वाचक त्याला बालकवी या नावाने ओळखतो. टिळक पतिपत्नींनी त्याला मुलासारखे सांभाळले.

याच घरात लक्ष्मीबाई टिळक होत्या. त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. वाचायला-लिहायला त्या लग्नानंतर शिकल्या. त्यांचे 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले आणि मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात त्याचे स्थान आजही पहिल्या ओळीत आहे. त्या गद्याची वाक्ये बोलण्याच्या लयीत चालतात, विनोद स्वतःवर असतो, आणि विद्वत्तेचा आव कुठेही नाही. महाविद्यालयात गेल्या असत्या तर त्यांनी असे लिहिले असते का, हा प्रश्न गमतीने विचारला जातो. मला तो तितकासा उपयुक्त वाटत नाही. अधिक उपयुक्त प्रश्न असा की त्या घरात असे काय होते, जे एका तरुण कवीला आणि एका प्रौढ गृहिणीला, दोघांनाही पुरले?

तिथे प्रत्यक्ष लिहिणारा एक माणूस रोज दिसत होता. लेखन म्हणजे कोणा थोरामोठ्याची दैवी देणगी नसून सकाळी उठून करायचे, खोडायचे, पुन्हा करायचे काम आहे, हे पाहून कळत होते. घराशी एक नियतकालिक जोडलेले होते. म्हणजे मजकूर वेळेवर हवा असायचा आणि तो छापून वाचकांपर्यंत जायचा. कवितेविषयी बोलणारी माणसे घरात येत-जात होती. या सगळ्याला कोणी अभ्यासक्रम म्हटले नाही, परंतु लेखनाच्या शिक्षणाला लागणाऱ्या बहुतेक गोष्टी त्यात होत्या.

औरंगाबादचे मिलिंद

घर म्हणजे महाविद्यालय नव्हे, अशी शंका रास्त आहे. म्हणून एका खऱ्या महाविद्यालयाकडे जाऊ, जे नेवासे तालुक्यातून प्रवरासंगमचा पूल ओलांडला की लांब नाही. 1945 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि 1950 मध्ये या संस्थेने औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. मराठवाडा तेव्हा उच्च शिक्षणात फार मागे होता. या महाविद्यालयात येणारी बरीच मुले अशा घरांतून येत होती, जिथे त्यांच्यापूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते.

प्राचार्य म. भि. चिटणीस हे स्वतः नाटककार होते. त्यांनी लिहिलेले 'युगयात्रा' हे नाटक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी रंगभूमीवर आणले. पुढे अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकांच्या साहित्याकडे इथल्या तरुणांचे लक्ष वेधले. आपल्यासारखाच अनुभव दुसऱ्या खंडातील लोकांनी कसा लिहिला, हे त्यांना दिसले. महाविद्यालयाच्या परिसरात साहित्याविषयी वाद झडू लागले. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली त्या वातावरणातून 'अस्मिता' हे नियतकालिक 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात निघाले, तेच 'अस्मितादर्श' झाले, आणि दलित साहित्याच्या अनेक पिढ्यांतील लेखकांचे पहिले लेखन त्यात छापले गेले.

हे सारे अभ्यासपत्रिकेत 'सर्जनशील लेखन' नावाचा एखादा पेपर होता म्हणून घडलेले नाही. विद्यापीठाचा अभ्यासक्रम इतरत्र होता तोच इथेही होता. फरक पडला तो लिहिणारा शिक्षक, बाहेरचे ताजे वाचन, व्यासपीठ, छापणारी जागा आणि सारख्या अनुभवाचे सोबती यांच्यामुळे. सोबत्यांचा मुद्दा मुद्दाम अधोरेखित करतो. लिहिणाऱ्या तरुणाला आपल्या जगण्यात लिहिण्याजोगे काही आहे हे सहसा शिक्षकाकडून पटत नाही. शेजारच्या बाकावरच्या मुलाने आपल्यासारख्याच वस्तीविषयी लिहिलेले वाचले की पटते.

आणखी एक उदाहरण थोडक्यात. रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' या कादंबरीला 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पठारे आपल्याच जिल्ह्यातील संगमनेर महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. तेव्हा लेखनाच्या दृष्टीने महाविद्यालय पाहताना फक्त मराठी विभागाच्या दारावरील पाट्या वाचून परत फिरू नये. लिहिणारा माणूस प्रयोगशाळेतही सापडतो.

एका परिच्छेदाचे काय होते

चांगली जागा ओळखण्याची सर्वांत खात्रीची कसोटी म्हणजे तिथे विद्यार्थ्याच्या एका परिच्छेदाचे काय होते हे पाहणे. आपल्या कल्पनेतील मुलीने 'माझे गाव' या विषयावर पुढीलप्रमाणे लिहिले आहे असे धरू :

'शनिशिंगणापूर हे जगप्रसिद्ध तीर्थक्षेत्र असून येथील घरांना दारे नाहीत. शनिदेवाच्या कृपेने येथे चोरी होत नाही, अशी भाविकांची श्रद्धा आहे. दूरदूरहून लाखो भाविक येथे दर्शनासाठी येतात.'

शुद्धलेखन चोख आहे, माहितीही प्रचलित आहे. परीक्षेत याला बरे गुण मिळतील. परंतु हा परिच्छेद शिंगणापुरात न राहिलेल्या कोणालाही लिहिता आला असता; किंबहुना तो त्यांनीच लिहिलेला आहे. वृत्तपत्रे, प्रवासवर्णने, माहितीपत्रके यांनी या गावाविषयी हीच तीन वाक्ये इतक्या वेळा लिहिली आहेत की गावातील मुलीलाही स्वतःचे गाव त्याच वाक्यांत दिसू लागले आहे. 2011 मध्ये युको बँकेने इथे कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हाही बातम्यांतून हीच वाक्ये पुन्हा फिरली. भाषेच्या अंगाने पाहिले तर 'असून' हे अव्यय, 'येथील', 'अशी श्रद्धा आहे' ही रचना, सगळे बातमीच्या भाषेतले आहे. या वाक्यांत बोलणारे कोणीच नाही.

आता असे समजू की शिक्षकाने वही परत देताना समासात एवढेच लिहिले : 'तुमच्या घराला दार नाही, मग रात्री तुम्ही काय करता?' मुलगी पुढच्या आठवड्यात हे लिहून आणते :

'रात्री आजी चौकटीला फळी टेकवून ठेवते. पाहुणे हसतात, म्हणतात, शिंगणापुरात कशाला? आजी म्हणते, कुत्रं शिरतं बाबा, चोर न्हाई शिरत. मग ती पडदा सारखा करते आणि फळीला दगड लावते.'

परिच्छेद लहान झाला, माहिती कमी झाली, 'जगप्रसिद्ध' गेले. पण आता एक माणूस दिसतो, त्याचा हात दिसतो, श्रद्धा आणि व्यवहार एकाच चौकटीत एकमेकांना न दुखावता कसे राहतात हे दिसते. श्रद्धेविषयी एकही विधान न करता हे साधले आहे. दुसऱ्या मसुद्यात झालेला हा बदल शिक्षकाच्या एका प्रश्नाने घडवला. लेखन शिकवणे म्हणतात ते एवढेच, आणि ते प्रत्येक वहीत, प्रत्येक आठवड्याला करावे लागते म्हणून अवघड.

इथे 'न्हाई' या शब्दापाशी खरी परीक्षा सुरू होते. काही शिक्षक त्याखाली लाल रेघ ओढून 'नाही' करतील. काहीजण उत्साहाने 'छान ग्रामीण बाज!' असा शेरा देतील. मला दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच निरुपयोगी वाटतात; पहिली आजीला दुरुस्त करते, दुसरी तिला प्रदर्शनात मांडते. तिसरा शिक्षक विचारील, 'आजी हे वाक्य असेच म्हणते का? 'न्हाई शिरत' म्हणते की 'शिरत न्हाई'?' हा प्रश्न ऐकण्याचा आहे. बोलीतील शब्दक्रम, आघात, हेल यांना नियम असतात हे ज्याला ठाऊक आहे तोच असे विचारतो. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवायचा, की सबंध कथाच बोलीत सांगायची, हा पुढचा निर्णय मुलीचा. तो समजून घेण्यापुरते व्याकरण तिला शिकवले पाहिजे. भाषेचा अभ्यास लेखकाच्या कामाचा नसतो, हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे.

नेवाशात असल्यामुळे एक गोष्ट सहज आठवते. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 च्या सुमारास, ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले असे परंपरा मानते, तो पैसाचा खांब शिंगणापुरापासून फार दूर नाही. ती कृती श्रोत्यांसमोर सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ग्रंथात श्रोत्यांना उद्देशून केलेली संबोधने जागोजागी येतात. समोर कोणीतरी ऐकत आहे याची इतकी स्पष्ट जाणीव असलेली वाक्यरचना पुढच्या मराठी गद्यातही क्वचितच आढळते.

महाविद्यालय प्रत्यक्ष कसे पाहावे

आता व्यावहारिक भाग. प्रवेशापूर्वी महाविद्यालयात एक दिवस जावे, आणि शक्यतो कार्यालयाच्या खिडकीपासून सुरुवात करू नये. ग्रंथालयात जाऊन महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे मागील तीन-चार अंक मागावेत. अंकात पहिली वीस पाने संस्थाचालकांची छायाचित्रे आणि शुभेच्छा असतील तर दचकू नये, ते बहुतेक ठिकाणी असते. त्यानंतर विद्यार्थ्यांनी काय लिहिले आहे ते वाचावे. 'आई', 'पाऊस', 'भ्रष्टाचार' यांवरील एकसारख्या कविता आहेत, की एखाद्या मुलाने कारखान्याच्या गळीत हंगामाविषयी, ऊसतोडणीच्या कोपीविषयी, सोनईच्या रस्त्यावरील बैलाच्या चरकाच्या रसवंतीविषयी स्वतः पाहिलेले काही लिहिले आहे? एकच विद्यार्थी सलग दोन-तीन अंकांत दिसतो का आणि त्याचे लेखन पुढे सरकले आहे का? वार्षिक अंक हा महाविद्यालयाचा सर्वांत प्रामाणिक दाखला आहे, कारण मूल्यांकन समितीला दाखवण्यासाठी तो सहसा कोणी सजवत नाही.

तिथेच ग्रंथपालांना विचारावे की विद्यार्थ्यांना कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळू देतात का, की चिठ्ठी देऊन खिडकीतून मागवावे लागते. लिहिणाऱ्याला हवे ते पुस्तक बहुधा त्याने मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी असते. कोणती मराठी नियतकालिके येतात, दिवाळी अंक किती घेतात, तेही पाहावे. महाविद्यालयाचे ग्रंथालय तोकडे असेल तर गावात दुसरे काय आहे? नगरचे जिल्हा वाचनालय एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले आहे. लहान महाविद्यालय आणि जवळ मोठे वाचनालय ही जोडी पुष्कळदा उत्तम ठरते.

शिक्षकांविषयी चौकशी करायची तर प्राचार्यांपेक्षा शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारावे, आणि प्रश्न नेमका असावा. 'सर चांगले आहेत का?' याला सगळीकडे होकारच मिळतो. 'तुमचे लिहिलेले शेवटचे कधी कोणी वाचून परत दिले? त्यावर काय लिहिले होते?' असे विचारावे. उत्तर देताना विद्यार्थ्याला एखादे वाक्य आठवले तर ते महाविद्यालय चांगले. वर्गात साठ मुले असतील आणि शिक्षकाकडे चार वर्ग असतील, तर उत्तम शिक्षकालाही हे जमणार नाही. लहान महाविद्यालयाचा खरा फायदा या साध्या गणितात आहे. कला शाखेत विद्यार्थी कमी येतात म्हणून ग्रामीण महाविद्यालये चिंतेत असतात आणि ती चिंता योग्यच आहे. तरी मराठी विशेष स्तराच्या वर्गात बारा विद्यार्थी असणे ही लिहिणाऱ्याच्या दृष्टीने पर्वणी आहे. ती वापरणारा शिक्षक मात्र हवा. बारा मुलांसमोरही वर्षभर टिपणे उतरवून देणारे वर्ग असतातच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आता मुख्य विषयाबरोबर गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याधारित विषय अशी रचना आली आहे. माहितीपत्रकात 'लेखनकौशल्य' किंवा 'सर्जनशील लेखन' असे शीर्षक दिसले की पालक खूश होतात. शीर्षक वाचून थांबू नये. त्या श्रेयांकांचे मूल्यमापन कसे होते ते विचारावे. 'सर्जनशील लेखनाचे स्वरूप सांगा' असा दहा गुणांचा प्रश्न असेल, तर तो विषय सर्जनशील लेखनाविषयीचा आहे. विद्यार्थ्याने लिहिलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या मजकुराला गुण असतील, तर तो लेखनाचा आहे.

पुणे, इंग्रजी आणि शुल्क

पुण्याचा विचार टाळता येणार नाही. गावातून पुण्यात शिकायला गेलेल्या तरुणाची ओळख मराठीला भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'ने 1963 मध्ये करून दिली, आणि त्यानंतर हा प्रवास निव्वळ प्रगतीचा मानणे कठीण झाले. तरीही शहर देते ते देते : नाटके, पुस्तकांची दुकाने, लेखकांना प्रत्यक्ष भेटण्याची संधी. नाट्यलेखनाची ओढ असलेल्या विद्यार्थ्याने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची माहिती जरूर घ्यावी.

पुण्याजवळच्या लवळे येथील फ्लेम विद्यापीठासारख्या किंवा हरियाणातील अशोका विद्यापीठासारख्या संस्थांत अमेरिकन धर्तीचे उदार शिक्षण मिळते. वर्ग लहान असतात, विषय निवडण्याचे स्वातंत्र्य खरोखर असते, लेखनावर अभिप्राय देण्याची पद्धत रुजलेली असते. याबद्दल आकसाने बोलण्याचे कारण नाही. मात्र दोन गोष्टी स्वच्छ सांगितल्या पाहिजेत. पहिली, तिथले वार्षिक शुल्क लाखांत मोजले जाते. शिष्यवृत्ती असते, पण ती किती मिळणार, वसतिगृह आणि भोजन तीत धरले आहे का, पुढच्या वर्षीही ती चालू राहण्याची अट काय, हे लेखी मागून घ्यावे. जमीन किंवा दागिने गहाण टाकण्याचा विचार त्यानंतर करावा. दुसरी गोष्ट भाषेची. तिथला व्यवहार इंग्रजीत चालतो आणि लेखनाची कार्यशाळाही प्रामुख्याने इंग्रजीतच होते. आजीचे वाक्य तिथे 'डॉग' आणि 'थीफ' होऊन जाईल, त्यावर चांगली चर्चा होईल, परंतु 'न्हाई शिरत' की 'शिरत न्हाई' हा प्रश्न तिथे कोणी विचारणार नाही. ज्याला दोन्ही भाषांत लिहायचे आहे त्याच्यासाठी ही वाट मोलाची ठरू शकते. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, विलास सारंग यांनी दोन भाषांत लिहिले आणि मराठीला त्याचा लाभच झाला. पण ज्याची भाषा अजून घडते आहे अशा अठरा वर्षांच्या मुलीने मराठी लेखनासाठी ही वाट धरावी, असे मी म्हणणार नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्याच सुमारास अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठही आकाराला आले. पुढील काही वर्षांत तिथे लेखनाचे कोणते अभ्यासक्रम येतात याकडे लक्ष ठेवावे.

दूरशिक्षण घेणाऱ्यांसाठी

'ज्ञानगंगा घरोघरी' हे आपल्या विद्यापीठाचे बोधवाक्य आहे. 1989 मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून ज्यांना वर्गात येता येत नाही त्यांच्यापर्यंत पुस्तक पोहोचले. लेखनाच्या बाबतीत मात्र दूरशिक्षणाची एक उणीव मान्य केली पाहिजे : छापील पुस्तिका तुमच्याशी बोलते, तुमचे वाचत नाही. स्वाध्याय परत येतो त्यावर बहुधा गुण असतो, प्रश्न नसतो.

टपालाने लेखन शिकता येत नाही असे मात्र नाही. 'सत्यकथा' मासिकाच्या संपादकांनी, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी, लेखकांशी केलेला पत्रव्यवहार मराठीत प्रसिद्ध आहे. आलेली कथा साभार परत करताना किंवा स्वीकारतानाही ते तिच्यातील अडलेल्या जागा दाखवत, पुन्हा लिहायला सांगत. त्या काळी दूरच्या गावी बसून लिहिणाऱ्याला तेच शिक्षण होते. त्या मासिकाची अभिरुची सर्वांना मानवली नाही. 1969 मध्ये बंडखोर तरुणांनी त्याची होळीही केली आणि आपली अनियतकालिके स्वतः काढली. 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद पडले. तितक्या सावकाश वाचणारा संपादक आज मिळणे दुर्मिळ आहे. म्हणून ही सोय आपली आपण करावी लागते.

अभ्यासकेंद्रावर संपर्क सत्रासाठी येणाऱ्यांत लिहिणारे आणखी दोघे-तिघे असतात, त्यांना शोधावे. महिन्यातून एक रविवार ठरवावा. सोनई, घोडेगाव, नेवासे, जिथे एसटी सर्वांना सोयीची पडेल ती जागा घ्यावी. प्रत्येकाने दोन पानांहून अधिक आणू नये, कारण लांब मजकूर कोणी नीट वाचत नाही. वाचन चालू असताना लिहिणाऱ्याने खुलासे करू नयेत. ऐकणाऱ्यांनी 'छान आहे' हा शब्द त्या दिवसापुरता वर्ज्य करावा आणि न कळलेल्या जागी प्रश्न विचारावेत. समंत्रकांना वर्षातून दोनदा तरी आमंत्रण द्यावे. पुष्कळ समंत्रक आनंदाने येतात. विद्यार्थ्यांकडून असे आमंत्रण त्यांना क्वचितच येते.

प्रौढ विद्यार्थ्याजवळ अठरा वर्षांच्या मुलापेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे लिहिण्याचा विषय. कांद्याच्या लिलावातील हातांची खूण, मंदिराबाहेर तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्याचा दिवस, ग्रामपंचायतीच्या सभेत कोण कोणानंतर बोलतो याचा अलिखित क्रम हे तुम्हांला ठाऊक आहे. वेळ मात्र कमी असतो. लक्ष्मीबाई टिळकांजवळही तो नव्हता.

स्वाध्याय

1. आपल्या गावाविषयी वृत्तपत्रात किंवा माहितीफलकावर नेहमी आढळणारी तीन वाक्ये उतरवून घ्या. त्यांपैकी एका वाक्याच्या विषयावर, त्यातील एकही विशेषण न वापरता, आठ ओळी लिहा. घरातील एका व्यक्तीचे एक वाक्य ती बोलते तसेच त्यात आले पाहिजे.

2. हे लेखन सहाध्यायाला वाचायला द्या. त्याने फक्त दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे तोंडी न देता मजकूर पुन्हा लिहा आणि दोन्ही मसुदे संपर्क सत्राला सोबत आणा.

3. आपल्या जवळच्या कोणत्याही एका महाविद्यालयाच्या वार्षिक अंकाचे दोन अंक मिळवून वाचा. त्यांतील विद्यार्थ्यांच्या लेखनापैकी कोणते लेखन दुसऱ्या कोणालाही लिहिता आले नसते, ते कारणांसह एका पानात नोंदवा.